घरात थांबू नका

११ मार्च

आले एकदाची. यवतमाळहून बाभुळगाव, तिथून दुसरी एसटी आणि फाट्यापासून धनसिंगचा ऑटो. गाव लहान, पण नीटनेटकं. कपाशीची वेचणी संपली आहे. लोकांनी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटल्यात आणि घरोघरी जळणाचे ढीग रचलेत. ग्रामपंचायतीत माझ्या खुर्चीवर आधीच्या ग्रामसेवकाचा टॉवेल अजून तसाच होता. तो शिपायाच्या हवाली केला आणि मी कामाला लागले.

खोली मिळाली ती भगवानरावांकडे. गावातलं सगळ्यात मोठं घर, पुढे ऐसपैस अंगण, त्यात नवेकोरे लाल पेव्हर ब्लॉक. त्यांची बायको मैनाबाई भारी अगत्याची. चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. मुलगा नयन तिशीतला, मान खाली घालून हसतो. त्याची बायको गेल्या वर्षी वारली हे सांगताना मैनाबाईनं पदर डोळ्यांना लावला. पदर कोरडाच राहिला. पाच वर्षांची नात, समीक्षा, दाराआडून माझ्याकडे बघत होती.

तिची हनुवटी बघून मला हुंदका आला, तो मी खोकल्यावर नेला. ती हनुवटी जयाची आहे. जया माझी मावसबहीण. एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो. तिच्या लग्नात मी टायफॉइडनं दवाखान्यात पडले होते आणि आमचं आडनावही वेगळं, त्यामुळे इथं मला कोणी ओळखत नाही. ही बदली मी मागून घेतली, ही खोलीसुद्धा. मला या घराचं वाटोळं झालेलं बघायचंय आणि समीक्षाला कडेवर घेऊन इथून जायचंय. फार दिवसांनी आज पोटभर जेवले.

१४ मार्च

शेजारच्या मथुराबाई बोलघेवड्या निघाल्या, माझं काम सोपं झालं. जयाचा पाय घसरला आणि ती विहिरीत पडली, असं या लोकांनी पोलिसांना सांगितलं होतं. आमच्या गावच्या विहिरीत पोरांच्या आधी सूर मारणारी जया. बरं, विहीर कुठे आहे, तर ती तेरवीच्या आत बुजवली. अंगणात. मुरूम टाकून, पाणी मारून, चोपून भरायला वेळ कोणाला होता? वावरातल्या पऱ्हाट्या गाडीगाडीनं आत लोटल्या, वर काळी माती, तिच्यावर पेव्हर. मथुराबाई म्हणाल्या, "पऱ्हाटीनं कोनी इहीर बुजवते का मॅडम? थे सडन, मंग जमीन खाली बसन." पण भगवानरावांना सांगणार कोण?

काल मैनाबाईसोबत गहू निवडत बसले होते, ते बरोबर त्या विहिरीच्याच वर. खोलीत येऊन हात धुतले, परत धुतले. चेहरा मात्र हसरा ठेवला.

१७ मार्च

सकाळी दात घासत होते. आधी बैलांनी दावी ताणली. मग छपराच्या टिना थरथरल्या, हातातल्या तांब्यात पाणी डुचमळलं आणि पायाखालून घरघरत काहीतरी गेलं. भगवानरावांनी हातातली कपबशीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाले, "खदानीत सुरुंग लावला असन." अख्ख्या गावानं तेच ठरवलं. गिट्टीची खदान महिनाभर बंद आहे हे कोणाला तरी नंतर आठवलं आणि टीव्हीनं सांगितलं की भूकंप. मग पळापळ. समोरच्या बाबारावांनी आधी मोटरसायकल मैदानात नेऊन लावली, मग घरातला म्हातारा बाप आठवला. भूकंपात काय करायचं, हे इथं कोणाच्या बापजाद्यांनाही माहीत नाही.

जमीन थांबली आणि अंगणातून आवाज आला. बादली पाण्यावर आपटल्याचा. विहीर नसलेल्या अंगणात.

मैनाबाईच्या हातून गव्हाचं सूप सुटलं. तिनंही ऐकलं होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण मला इतका आनंद झाला की खोलीत जाऊन दार लावावं लागलं.

१९ मार्च

रोज हादरे. प्रत्येक हादऱ्यानंतर बादली.

भिंतींना तडे गेलेत. म्हातारे म्हणतात काळ्या मातीत भिंती फाटायच्याच, त्यात नवल काय. मैनाबाई आता अंगण ओलांडत नाही, भिंतीला घासत कडेकडेनं जाते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की इथं पूर्वी विहीर होती का हो? ती म्हणाली, "कायले इचारता?" आणि घाम पुसत आत गेली. चोराच्या मनात चांदणं. जया, ऐकते आहेस ना? असंच वाजवत राहा.

२१ मार्च

तहसीलमधून निरोप आला: तडे गेलेल्या घरात लोकांना थांबू देऊ नका. घंटागाडीवर लावायला माझ्याच आवाजात सूचना रेकॉर्ड केली. "घरात थांबू नका. अंगणात या." गाडी दिवसभर गल्लोगल्ली ते वाजवत फिरते आहे.

भगवानरावांच्या भिंतीत तर बोट जाईल एवढी भेग आहे. मी जाऊन सरकारी आवाजात सांगितलं की आता राहणं, जेवणं, झोपणं सगळं अंगणात. मैनाबाई माझ्या पाया पडायला आली. "आमी वावरात जातो मॅडम, शाळेत जातो, पन आंगनात नोका सांगू." शाळेलाही तडे आहेत आणि वावरात विंचू निघतात, असं मी म्हटलं. अंगणात असं काय आहे, हेही विचारलं. भगवानरावांनी तिच्यावर डोळे वटारले आणि स्वतः खाटा मांडल्या. मधोमध.

पोरीला ताप आहे, उघड्यावर नको असं सांगून समीक्षाला मथुराबाईंच्या तडा न गेलेल्या घरी नेऊन ठेवलं. उरलेल्या तिघांचं मला काही वाटत नाही. खरंच काही वाटत नाही.

२२ मार्च

दुपारी नयन खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. खाटेखालचे पेव्हर ओले. म्हणाला, "थे खाली हाये मॅडम. पानी काढून राह्यली."

मग आपणहून बोलला. जयाला पोरीला घेऊन कायमचं माहेरी जायचं होतं. तिनं तसं सांगितलं त्याच दिवशी गाळ काढायच्या निमित्तानं तिला दोरानं विहिरीत उतरवलं. ती वर यायला निघाली तेव्हा भगवानरावांनी दोर ओढून घेतला. नयन काठावर उभा होता. मैनाबाईनं टीव्हीचा आवाज मोठा केला. जया संध्याकाळपर्यंत हाका मारत होती.

माझ्या हातात फोन होता. पोलिसांचा नंबर लावला आणि कापला. तुरुंगात यांना वेळेवर जेवण मिळालं असतं.

मी त्याला म्हटलं, घाबरू नका, अंगणासारखी सुरक्षित जागा नाही.

२३ मार्च

झालं.

सकाळी मोठा हादरा आला. पेव्हर मधून खचले आणि भगवानराव खाटेसकट गेले. नयन काठाला धरून होता. त्यानं मला हाक मारली, हात पुढे केला. मी ओट्यावर होते. एक पाऊल टाकलं असतं तर हात पोचला असता.

मी पाऊल टाकलं नाही.

मैनाबाई तेवढी वाचली. ती नुसती कान दाबून बसते. लोकांनी खड्ड्यात बॅटऱ्या मारल्या. आत कुजलेल्या पऱ्हाट्या, कोरडी माती. पाण्याचा थेंब नाही. माणसं दिसत नाहीत. जेसीबी येऊ शकत नाही, नाल्यावरचा पूल तडकला आहे.

मी खड्ड्याशी जाऊन म्हटलं, जया, फिटलं ग. आता नीज.

खालून बादली वाजली.

२४ मार्च

अजून थांबलेली नाही.

दुपारी घंटागाडी गेली आणि समीक्षा मथुराबाईंच्या घरातून उठून निघाली. मी पोचले तेव्हा खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती, आत हात लांबवून. उचलून आणली. मी रागावले तर म्हणाली, "तुमीच तं सांगतलं गाडीवर, आंगनात या." फ्रॉकचा घेर ओला होता. म्हणाली, आई बोलावून राह्यली. खाली जागा हाये म्हणे.

घंटागाडी बंद करायला लावली. चावी माझ्याकडे आहे.

सूड माझा होता. जयाला सूडबीड काही नको होता. तिला तिची पोर हवी आहे.

आणि तिला वर यायची वाट मी करून दिली.

२५ मार्च, सकाळ

गाव वावरात पळालंय. आम्ही दोघी शाळेच्या मैदानात. पंचायतीचा शिपाई धर्मपाल मोटरसायकल घेऊन नाल्यापलीकडे येतो म्हणाला. अजून नाही.

समीक्षा जिथं बसते तिथं माती ओली होते. जागा बदलली. पुन्हा ओली. भेगा अंगणाकडून इकडे —

ओढणीनं तिला माझ्या कमरेशी बांधलं आहे. ती रडत नाही. खाली बघून हसते आहे.

मोठ्यानं म्हटलं, जया, मी आहे, उर्वशी. तुझ्यासाठीच केलं सगळं. हिला मी सांभाळीन, शिकवीन. माझं ऐक —

ऐकत नाही.

दुपार

धर्मपाल दिसतोय. नाल्यापलीकडे. हात करतोय. उठायला हवं, पण पाय घोट्यापर्यंत —

बादली नाही आता. दुसरं काहीतरी. घंटागाडी. गाडी तर चावी काढून पंचायतीत उभी आहे, चावी माझ्या —

खालून येतोय. भेगेतून. माझाच आवाज. घरात थांबू नका —

ओढणीची गाठ तीच सोडते आहे, समीक्षा, एवढ्याशा बोटांनी, मी हात धरलाय तिचा, दोन्ही हातांनी धरते, लिहायचं सोडून —