कागदावर नसलेलं वाक्य

दादा, बल्गेरिया हा देश तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. कोल्हारच्या टपालाच्या थैलीत तिथलं पत्र कधी आलं नाही. मलाही यंदापर्यंत माहीत नव्हता. मी भिंगारच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो, मुद्रितं तपासतो. सध्या दुष्काळी कामांचे हजेरीपटच जास्त असतात. त्यात मध्येच इथल्या फिल्म सोसायटीची पत्रिका छापायला आली. सोसायटी त्या देशाचे चार चित्रपट दाखवणार होती. सोसायटीच्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं की त्या एवढ्याशा देशात गेली दहा-बारा वर्षं चित्रपटांना बहर आला आहे, तिथले कवी चित्रपटांच्या कथा लिहितात, आणि हल्ली गाव सोडून शहरात गेलेल्या माणसांवर एकामागून एक चित्रपट निघतात. बहर म्हटल्यावर मला वाटलं, नाचगाणी असतील. तसं काही नव्हतं. एकात लढाई होती, एकात लग्न होतं. बाकी सगळे डोंगर, मेंढरं, दारापुढं वाळत घातलेल्या लाल मिरच्या आणि कमी बोलणारी माणसं. मला ती फार जवळची वाटली.

पडद्यावर खाली अक्षरं येत, ती इंग्रजी. म्हणून प्राध्यापकांनी सगळे संवाद मराठीत उतरवले आणि चित्रपट चालू असताना ते माईकवरून वाचायला मला बसवलं. "तुम्ही काना-मात्रा सोडत नाही, तुम्हीच वाचा," म्हणाले. मी पानांना आकडे घातले, कोण बोलतं ते प्रत्येक वाक्यापुढं लाल शाईनं लिहिलं.

पोस्टमनचा मुलगा म्हणून वाचायला मला तुम्हीच शिकवलंत. नजर कमी झाल्यावर तुम्ही मला टपालाच्या बटवड्याला बरोबर न्यायचात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं मी वाचायचो. पाटाकडच्या आजींचा मुलगा पलटणीत होता. त्याच्या एका पत्रात म्हशीची चौकशी होती, आईची नव्हती. मी शेवटी माझ्या मनानं जोडून दिलं, 'आईस साष्टांग नमस्कार.' आजींनी पत्र कपाळाला लावलं. तुम्ही सायकल हातात धरून पुलापर्यंत चालत आलात आणि मग थांबलात. "लिवलंय तेवढंच वाचायचं. पदरचं घालायचं न्हाई. उद्या त्यो सुट्टीवर आला आन् म्हनला, म्या असं लिवलंच न्हाई, तर तिनं कुनाकडं बघायचं?" तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता छापखान्यात मी तोच नियम पाळतो.

तो नियम बुधवारी मोडला. त्या दिवशीच्या चित्रपटात शहरात गेलेला मुलगा कितीतरी वर्षांनी घरी येतो. म्हातारा बाप अंगणातल्या बाकावर बसून विळ्याला धार लावतोय. मुलगा फाटकाशी पेटी घेऊन उभा. आणि कोणी बोलतच नाही. माझ्या पानावर कोरी जागा. सभागृहात खोकले सुरू झाले. "ओ वाचनारे, डुलकी लागली का?" कोणीतरी ओरडलं. "पान हारावलं वाटतं पंडिताचं!" दुसरा म्हणाला. लोक हसले. मी पानं उलटीपालटी केली आणि घाबरून बापाच्या वतीनं बोलून गेलो, "आलास? बरं केलंस."

हसणं थांबलं. खेळ संपल्यावर लष्करी बंगल्यांवर माळीकाम करणारे एक आजोबा माईकपाशी आले. "म्हातारा बोलला त्ये लई ब्येस झालं. पुन्हा कवा हाय?" मी म्हटलं, रविवारी. "मंग म्हातारीला घिऊन येतो. तेवढं ऐकायला."

चार दिवस मला जेवण गेलं नाही. वाक्य पुन्हा म्हणावं तर ते जाणूनबुजून खोटं, गाळावं तर आजोबा बायकोला घेऊन येणार. प्राध्यापकांना सांगायचंही धैर्य झालं नाही.

रविवारी ते दोघं तिसऱ्या रांगेत बसलेले. मुलगा फाटकाशी येतो. मी पान पालथं घालतो, ओठ मिटतो. वाचायला काही नाही म्हणून त्या जागी पहिल्यांदाच पडद्याकडं बघतो. दादा, तो म्हातारा मान वर न करता, धार लावता लावता, बाकावर थोडासा सरकतो. एका माणसापुरती जागा होते. बुधवारीही तो सरकला असणार, माझे डोळे कागदावर होते. इतक्यात अंधारातून आजोबांचा आवाज येतो, "आला व्हय? बरं केलं, लेकरा." आणि लगेच त्यांच्या म्हातारीचा, "तुमी कशापायी बोलता? सरकला न्हवं का त्यो!"

सातवी नापास झाल्यावर तुम्हाला तोंड दाखवायला नको म्हणून मी मामाकडं भिंगारला पळून आलो होतो. त्या दिवाळीत घरी परत आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून सायकलच्या साखळीला तेल घालत होतात. तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. संक्रांतीच्या आत तुम्ही गेलात. दादांनी 'आलास' एवढंही म्हटलं नाही, असं मी आजवर मामीला, मित्रांना, सगळ्यांना सांगत आलो.

अपुऱ्या पत्त्याची पत्रं तुम्ही संध्याकाळी तशीच परत आणायचात, म्हणून हे पत्र मी टपालपेटीत टाकत नाही. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही ओट्यावर सरकला होतात की नाही, मला ठाऊक नाही. मी माझ्या चपलांकडं बघत होतो.