चौदावी फेरी

६ मे

हितेंद्रच्या खोलीची किल्ली मिळाली. तो गेल्यानंतरचे विधी, गंधमुक्ती होऊन तीन आठवडे झाले. अपघाताबद्दल इथे लिहिणार नाही.

धुळ्याच्या माझ्या कॉलेजला सुट्टी आहे, म्हणून महिनाभर इथेच, जळगावात. त्याच्या गाईड सरांनी सांगितलंय – "प्रबंधात वीस फेऱ्या लिहिल्यात, वहीत अकराच आहेत. उरलेल्या नऊ तुम्ही करा ताई. पदवी त्याच्या नावाने मागू." मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. भावासाठी एवढं जमेल.

७ मे

बशीत हितेंद्रने अकरा फेऱ्या केलेली गुलाबी भुकटी आहे, पुढच्या फेऱ्या तिच्यावरच करायच्या. कोबाल्ट आणि सेंद्रिय रेणूंचे पातळ थर, एकावर एक, मधे पाणी. ओव्हनमध्ये तापवलं की पाणी जातं, थर जवळ येतात, रंग निळा होतो, वीज वाहायची जवळजवळ थांबते. मग कूलरसमोर ठेवायचं. ओलावा शिरतो, थर दूर सरकतात – पुन्हा गुलाबी! ही एक फेरी. हितेंद्रचं म्हणणं, वीस वेळा केलं तरी थर जागेवर येतात. सगळा प्रबंध त्यावरच उभा आहे.

शेजारच्या टेबलावर रूपाली संशोधन करते. म्हणाली, "ताई, गुलाबी आला तर कट चहा माझ्याकडून. निळाच राहिला तर तुमच्याकडून!"

बारावी फेरी. गुलाबी आला. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

८ मे

तेरावी. आला, पण मळकट.

१० मे

चौदावी. निळाच! कालपासून कूलरसमोर आहे. आज रूपालीनेच चहा आणून ठेवला.

११ मे

एक्स-रे यंत्रावर पाहिलं. थरांमधलं अंतर वाढलेलंच नाही. एकमेकांना धरून बसलेत, आता पाणी आत घेणार नाहीत. वीजही वाहत नाही. सरांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "अहो ताई, गेलेल्या माणसाच्या वहीला कोण खोदून विचारतंय? भरून टाका."

वही उचलून बाहेर आले.

१२ मे

पिंपळनेरहून नानांचा फोन. "तेना फोटोखाले डॉक्टर लिखनं शे, माय. गावमा बठ्ठास्ले सांगी दिधं मी."

सगळ्या गावाला सांगून बसलेत. मी हो म्हणाले. वडिलांना दुसरं काय सांगणार?

२२ मे

हितेंद्र खोटं लिहिणारा नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून त्याने बनवून बाटलीत ठेवलेली त्याच घाण्यातली, न वापरलेली भुकटी घेऊन पहिल्या फेरीपासून सुरुवात केली होती. आठ दिवस रोज गुलाबी.

नवव्या फेरीला अडकली. तसाच निळा.

भुकटी तीच, ओव्हन तोच. त्याची चौदाव्याला अडकते, माझी नवव्याला? रूपाली म्हणाली, "त्याचा हात हलका असेल, ताई." हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

२३ मे

नानांचा पुन्हा फोन. उचलला नाही.

२४ मे

आज वहीत फेऱ्या भरल्या. चौदा ते वीस. त्याच्या अक्षरासारखं अक्षर काढलं. आम्ही दोघं एकाच पाटीवर शिकलो, फार जड गेलं नाही. प्रत्येक आकडा थोडा थोडा वेगळा लिहिला, खरा वाटेल असा. सात तारखा टाकल्या. अर्धा तास लागला.

देवा, त्याचं नाव राहू दे.

२५ मे

वही सरांना देण्याआधी एकदा चाळली. बारा वर्षं मुलांची जर्नलं तपासतेय. एका बैठकीत भरलेलं पान मला लांबून कळतं – तारखा वेगवेगळ्या, पण पेन एकच, दाब एकच, ओळ खाली घसरत गेलेली. माझं कालचं पान अगदी तसंच दिसतंय.

सात ते अकरा या फेऱ्यांचं पानही तसंच आहे. अक्षर हितेंद्रचंच.

चौदातून पाच गेले, नऊ. त्या पाच फेऱ्या त्याने केल्याच नव्हत्या.