मासोळ्यांनी नाकारलेली विहीर

पिपरटोला, ठेसन सौंदड
ता. १४ एप्रिल १९३५

चि. सौ. धुरपता हिस बाबाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तिकडे ब्रह्मपुरीला जावईबापू, विहीणबाई मजेत असतील असं धरून चालतो, कारण तुझं पत्र काही येत नाही. चार वर्ग शिकवलं ते कशाला? भिंतीवर दुधाचा हिशेब लिहायला?

तुझ्या मायनं आतली खोली सारवून ठेवली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिनं तुझ्या लग्नाच्या मांडवातच ठरवलं होतं. रोज एकच धोशा, "पोरगी कवा येऊन राहिली?" मी म्हणतो, सातवा लागू दे, मी स्वतः ठेसनावर बैल जुंपून दमणी घेऊन जातो. तेवढ्यानं तिचं समाधान होत नाही. काल कोंबड्याही मोजून ठेवल्या बाईनं.

आता माझी बातमी ऐक आणि हसू नको. गोंदियाला रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, त्याच्या सामानाचा लिलाव होता. मी तांदूळ पोचवायला गेलो आणि येताना काचेची पेटी घेऊन आलो. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, चांगल्या चार-पाच घागरी पाणी मावतं. साहेब तीत मासोळ्या पाळायचा. तुझी माय कपाळावर हात मारून म्हणाली, "लोकं मासोळ्या खातेत, अन् तुमी त्याहिले पाहत बसाल?"

बसतो खरा. नाल्याची वाळू धुऊन तळाशी पसरली. गावतळ्यातलं, आपल्या बोडीतलं पाणगवत मुळासकट आणून लावलं, ते आता हिरवंगार होऊन वर आलं आहे. ढीवराकडून बोटाच्या पेरापेक्षा लहान मासोळ्या आणल्या, चंदेरी, अंगावर काळी रेघ. पहिल्या दिवशी दोनच सोडल्या तर भेदरून कोपऱ्यात बसल्या. डझनभर सोडल्या तशा झुंडीनं फिरायला लागल्या. एक वळली की सगळ्या वळतात. कोणी कोणाला चावत नाही, कोणाचा घास पळवत नाही. आपल्या पंचांनी येऊन धडा घ्यावा.

शुक्रवारी अर्धं पाणी काढून विहिरीचं ताजं घालतो. तुझे आजोबा विहीर उपसली की आधी मासोळी सोडायचे, आठवतं? ती जगली तरच गावाची घागर आत जायची. लोक आता माझ्या ओट्यावर येऊन पेटीत डोकावतात आणि विचारतात, "पटेल, पाणी बरं हाय ना?" मी म्हणतो, मासोळीला विचारा.

चुलबंद नदीपलीकडच्या गावांत पोट सुटण्याची साथ आहे म्हणतात. आपल्याकडे काही नाही. विहीणबाईंच्या कानावर उगाच घालू नको.

तुझा बाबा,
केशोराव


पिपरटोला
ता. २८ एप्रिल १९३५

चि. सौ. धुरपता हिस आशीर्वाद.

माझ्या मासोळ्या मेल्या गं. सगळ्या.

झालं असं. शुक्रवारी सकाळी तहसिलीतून छोटेलाल नावाचा दवावाला आला. टोपी, सायकल, तोंडात पान. त्यानं विहिरीत कसलीशी लाल दवा टाकली. पाणी जांभळं-गुलाबी झालं, लग्नाच्या रंगासारखं. म्हणाला, "दो दिन मत पीना, रंग उतर जाए तब पीना." आणि गेला पुढच्या गावाला. आमच्यात तेव्हाच कुजबुज सुरू झाली होती. मी म्हटलं, थांबा, परीक्षा करू. शुक्रवार होताच. अर्धं पाणी काढलं आणि विहिरीचं घातलं.

धुरपता, त्या झुंडीनं कधी एकमेकींना सोडलं नव्हतं. त्या दिवशी फाकल्या. एक इकडे, एक तिकडे, वर येऊन तोंड उघडत होत्या. दुपारपर्यंत पोट वर. पाणगवतसुद्धा तपकिरी पडलं. मी म्हातारा माणूस, पण सांगायला लाज नाही, रडलो.

गाव जमा झालं. पेटी ओट्यावर होती, प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं. शेजारची निर्मलाबाई तर तिथंच ओरडली, "आमाले मारासाठी टाकलं का रे हे?" मी विहिरीवर काट्या टाकायला लावल्या. आता सगळा टोला बोडीचं पाणी भरतो. उन्हाळ्यानं बोडी आटली आहे, थोडी गढूळ आहे, फडक्यानं गाळलं की झालं. नवीन मासोळ्या आणून त्याच पाण्यात सोडल्या. बघायला हवं होतंस! पहिल्यापेक्षा जास्त खेळतात. यावर आणखी कोणाची साक्ष पाहिजे?

लोक मला मान देतात गं आता. "केशोराव होते म्हणून वाचलो," असं आपला म्हातारा बकाराम सगळ्यांसमोर म्हणाला. परवा तो गेला बिचारा. रात्रीतून हगवण लागली आणि सकाळी संपला. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचं असं होतंच. त्याच्या सुनेनं सगळं अंथरूण बोडीवर नेऊन धुतलं, चांगली पोरगी आहे.

तू यायचं पक्कं ठेव.

तुझा बाबा,
केशोराव


पिपरटोला
ता. ८ मे १९३५

चि. सौ. धुरपता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे लिहिता येतं तर! विहीणबाई विचारतात, पिपरटोल्यात हैजा, पटकी आहे का. कोणी सांगितलं त्यांना? लोकांना दुसरे धंदे नाहीत. काही माणसं आजारी पडली हे खरं. बकारामची सून गेली हेही खरं. पण हैजा, हैजा म्हणून बोंबलण्यासारखं काही नाही.

तो छोटेलाल पुन्हा आला होता. विहिरीवरच्या काट्या पाहून माझ्यावरच उखडला. मी त्याला हाताला धरून पेटीपाशी आणलं. म्हटलं, तुझ्या दवेनं मेल्या त्या, आणि बोडीच्या पाण्यात जगल्या या, बोल आता. तर म्हणतो कसा, "पटेलजी, जो दवा बीमारी का कीड़ा मारेगी, वो मछली को भी मारेगी. आदमी को कुछ नहीं होता. आप मछली हो क्या?" पोरंसोरं हसली. माझं डोकंच फिरलं. मग त्यानं काट्या बाजूला केल्या, बादली सोडली आणि सगळ्यांदेखत लोटाभर पाणी प्यायला. लोक माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. मी म्हटलं, हा पगारी माणूस, सरकारनं सांगितलं तर विष पिईल. त्याला टोल्याबाहेर काढला आणि काट्या परत टाकल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

जाता जाता बोडीकडे हात करून काहीतरी सांगत होता. मी ऐकलं नाही.

तुझ्या मायचं विचारतेस, तर ती जरा थकली आहे. उन्हानं. परवापासून चुलीपाशी बसवत नाही, भात निर्मलाबाई शिजवून देते. आज हे लिहिताना ती जवळ नाही, म्हणून तिचा आशीर्वाद मीच लिहितो. डोळे थोडे आत गेले आहेत. पायात गोळे येतात, मी चोळून देतो. तहान फार लागते तिला. दुसऱ्या कोणाच्या हातचं नको म्हणते, म्हणून मीच बोडीचं ताजं पाणी आणून पाजतो. पिते आणि पुन्हा मागते.

मधूनच तुझं नाव घेते. आज म्हणाली, "तिले बोलवा ना, काऊन उशीर करता?"

तेव्हा सातव्याची वाट पाहू नको. सोमवारच्या छोट्या गाडीनं निघ. विहीणबाईंना सांग, बाबांनी लिहिलंय इकडे सगळं ठीक आहे.

तुझा बाबा,
केशोराव


सोमवार, सकाळ

धुरपता, गाडीतून उतरू नको.

हे पत्र देणारा सेवकराम सौंदडचाच आहे, आपल्या टोल्यात आलेला नाही, त्याला भिऊ नको. त्यानं तुझं गोंदियापर्यंतचं तिकीट काढलं आहे आणि तो सोबत येईल. तिथं सुशिलामावशीच्या घरी जा. बाळंतपण तिच्याकडेच कर. तिची माणसं पाणी उकळून पितात, मी नेहमी त्यांना हसायचो. तूही उकळूनच पी. सामान खाली ठेवलं असशील तर पुन्हा वर घे.

तुझी माय शनिवारी गेली.

मी बुधवारी लिहिलं तेव्हाच तिला हैजा झालाय हे मला कळलं होतं. थकली वगैरे सगळं खोटं. तिनं तुला पाहावं एवढंच माझ्या मनात होतं, आणि तुझ्या पोटात बाळ आहे हे माहीत असूनही मी तुला या घरात बोलावलं. पत्र टाकून आल्यावर चूक उमगली, पण तोवर डाक गेली होती. दुसरं पत्र तुझ्यापर्यंत वेळेत पोचलं नसतं. म्हणून सेवकराम.

ती शेवटपर्यंत पाणी मागत होती आणि मी देत होतो. माझ्या हातानं देत होतो गं. आजाऱ्यांचं धुणं बोडीवर चाललेलं मला रोज दिसत होतं. मी आंधळा नव्हतो. पण पेटीत मासोळ्या मजेत पोहत होत्या, आणि सगळं गाव माझ्या शब्दावर चाललं होतं. एकदा चारचौघांत विहीर खोटी म्हटल्यावर जीभ मागं फिरेना. छोटेलालनं लोटा तोंडाला लावला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. त्यावर मी काय केलं, तर त्याला हाकलला.

काल मी विहिरीवरच्या काट्या काढल्या. कोणी मदतीला आलं नाही. मी ओट्यावर उभा राहून ओरडून सांगितलं की चूक माझी, बोडीचं पाणी पिऊ नका. निर्मलाबाई घागर घेऊन आली. तिच्या घरातही एकजण आडवा आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पाणी भरलं आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेटी फोडायला कुऱ्हाड घेतली होती. मासोळ्या सगळ्या काचेपाशी जमल्या, खायला मिळेल म्हणून. हात उठला नाही. त्यांनी काय केलं?

दहाव्याला येऊ नको. तेराव्याला येऊ नको. जावईबापूंनाही येऊ देऊ नको. विहीणबाईंना सांग, त्यांचं खरं होतं. हे पत्र मी हात राखेनं घासून लिहितो आहे, तरी वाचून झालं की जाळ आणि हात धू. अक्षर हललं आहे, तिकडे लक्ष देऊ नको. पहाटेपासून मला मधूनमधून उठावं लागतं.

ठेसनाबाहेर मोठ्या चिंचेखाली आपली दमणी उभी आहे. मी तिच्यात आहे. जवळ येणार नाही. हात केला तर तू उतरशील, म्हणून हातही करणार नाही. तूही करू नको. तू खिडकीपाशी बस, तेवढंच पुरे.

गाडी हलेपर्यंत मी इथेच बसून आहे.

तुझा बाबा