स्पीकरवरची फुली

रविवार, संध्याकाळ

पोरानं कॉम्प्युटरवर विंडोज काढून ते लिनक्स टाकल्यापासून स्पीकर मुका. आज बंगळूरहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तर नुसते ओठ हलतायत. ऐकू येत नाही म्हटलं की "आई, तुला जमत नाही" सुरू होतं. म्हणून मान डोलावत "छान, छान" म्हणत वायरी हलवत बसले. मग कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर फुली दिसली. दाबली, तर फुली गेली आणि आवाज आला.

लेक रडत होती. "नवऱ्याला सोडतेय म्हटलं, तर तू चक्क छान म्हणालीस! मला वाटलं, फाडून खाशील."

खाल्लंच असतं, पेठेतले लोक काय म्हणतील म्हणून. एवढीशी फुली, आणि मी काय बोलून बसले? आता खरं कुठल्या तोंडानं सांगू?

म्हटलं, "रडू नकोस. ये घरी."