उत्तराची तार

आबा, आज देवघर पुसताना दत्ताच्या तसबिरीमागं ठेवलेला नऊ पिनांचा प्लग हाताला लागला. तुम्ही गेल्यावर मोबाइल आले, म्हणून जरा समजावून सांगते. ह्यांनी नदीकाठच्या विहिरीवरच्या मोटारघरासाठी एक पेटी केली होती. विहिरीत पाणी चढायला लागलं की पेटीनं मॉडेमला सांगायचं आणि मॉडेमनं मोटार सांभाळणाऱ्या मामांच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा. पण पेटीनं एकदम बोलायचं नाही. एका तारेवरून "बोलू का?" विचारायचं, दुसऱ्या तारेवरून मॉडेमचं "बोल" आलं तरच बोलायचं. उत्तर नाही आलं तर भोंगा वाजवायचा.

ह्या दोन जादा तारांसाठी हे मोठी केबल आणायला निघाले, तर मीच अडवलं. घरात तीन तारांची वायर उरली होती, ती वाया का घालवायची? "विचारायची पिन आणि उत्तराची पिन पेटीकडंच एकमेकींना जोडा की," मी म्हटलं. हे म्हणाले, "चालतंय, पुष्कळ जण करत्यात." ह्याच प्लगात सोल्डर मीच केलं, माझा हात स्थिर म्हणून. म्हणजे विचारणारी पेटी आणि "बोल" म्हणणारीही पेटीच.

श्रावणातला गुरुवार, मला उपास. दुपारी मामा दारात उभे, छातीपर्यंत भिजलेले.

"विहिरीत गाळ काढाय उतरलोतो. मोबाइल वर कट्ट्यावर, आवाज मोठा करून ठेवलेला. पाणी चढलं तरी वाजला न्हाय की ओ! पाय घसरला, कडी घावली म्हणून वाचलो. आणि तुमच्या पेटीवर मेसेज गेल्याचा दिवा लागलाय!"

मोटारीच्या थरथरीनं मॉडेमची विजेची पिन सुटली होती. मॉडेम मेलेलं, आणि पेटी आपल्याच उत्तरावर खूश. हे खाली बघत म्हणाले, "माझं चुकलं, मामा." मी चहाचा कप पुढं केला.

तेव्हा तुम्ही आठवलात, आबा. मी दहा वर्षांची, मधल्या बांधावर उभी. तुम्ही मोटारीपाशी, काका पार खाली पाइप जोडतायत. तुम्ही ओरडायचं, मी काकांना "झालं का?" विचारायचं, त्यांचं "व्हय" तुमच्यापर्यंत पोचवायचं. उन्हानं पाय भाजत होते. मी "व्हय" म्हटलं, तुम्ही मोटार चालू केली, पाइप उसळून काकांच्या मनगटावर बसला. "दुसऱ्याचं व्हय आपण म्हणायचं न्हाय, पोरी. खरं सांग, तो म्हणाला?" मी म्हटलं, म्हणाला. काका देवाची शपथ घेऊन नाही म्हणत होते. तुम्ही माझं खरं मानलंत आणि वर्षभर सख्ख्या भावाशी बोलला नाहीत.

मामांच्या पेटीला दुसऱ्याच दिवशी पुरत्या तारांची केबल लागली. खरी चूक कुणाची ते मामांना अजून ठाऊक नाही. हे पत्र प्लगाबरोबर तसबिरीमागं ठेवते.

आबा, काकांचा आवाज आलाच नव्हता. मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.