पुण्याचं हलतं, आमचं उडी मारतं

छावणी, औरंगाबाद
आखाजी झाल्यावरचा सोमवार

सौ. विहीणबाईंना आवडाबाईचा नमस्कार. व्याह्यांना आमच्या आप्पासाहेबांचा रामराम सांगा. (त्यांनी सांगितलेला नाही, पण विचारलं असतं तर सांगितला असता.) तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीनं दुखतात असं मागं लिहिलं होतं. आता ऊन लागलंय, तर आता कशानं दुखतात ते कळवा. आम्ही इथं बरे. मला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, पण बघण्यासारखं तरी काय राहिलंय. पत्र माझ्या हातचं आहे. शाळा दुसरीपर्यंत, तीपण अर्धी, तेव्हा अक्षरावर जाऊ नका.

तुमचं पत्र पोचलं. बन्सीला जूनपासून पुण्याच्या शाळेत घालायचं, तुमच्याकडं ठेवायचं, असं तुम्ही लिहिलं. तुमच्या लेकीला, म्हणजे आमच्या दमयंतीला, ते वाचून इतका आनंद झाला की तिनं भाजीत दोनदा तिखट घातलं. आमचा मुलगा नानासाहेब बायको बघते तिकडं बघतो. मी म्हटलं, पोराला विचारा. तर तुमचा आठ वर्षांचा नातू (आमचाही आहे, आडनाव आमचं लावतो) म्हणतो कसा, "जिथं जेली, तिथं मी." लगेच धाकटी बेबी म्हणाली, "मी पन." (तिचं नाव तुम्ही ठेवलं म्हणून बेबी. उद्या ती सासू होईल तेव्हा सुनांनी काय म्हणायचं, याचा विचार तुम्ही केलाच असेल.)

आता जेली म्हणजे काय, हे या घरात कुणाला ठाऊक? आमचे हे म्हणाले, "जेलात मी जाऊन आलोय, पोलिस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या. तिथं गोड देत नाहीत." मग पोरांनी सांगितलं की गेल्या दिवाळीत पुण्याच्या आजीनं केलं होतं, लाल असतं, हलतं, आणि त्याच्यातून पलीकडचं दिसतं. मी म्हटलं, हे खायचं का नेसायचं? दमयंतीला विचारलं तर म्हणते, "ते पाकिटातून येतं, आई. इथं नाही मिळायचं," आणि पदर तोंडाला लावून हसली. मग मात्र मी हट्टाला पेटले. आखाजीला (तुमच्याकडं अक्षय तृतीया म्हणतात) आमच्याकडं सगळं गणगोत जेवायला असतं, सिल्लोडहून दीर, जावा, त्यांची पोरं. पुरणपोळी न् आमरस दरसाल होतो. यंदा म्हटलं हलणारं करायचंच, न् पोरगं इथंच ठेवायचं.

शहागंजात गेले. मसाल्याच्या दुकानातल्या वहीदमियाँना विचारलं, लाल, हलणारं, आरपार दिसणारं गोड कशाचं करतात. दुसरा कुणी असता तर म्हातारीला ऊन लागलं म्हणाला असता. ते म्हणाले, "अम्माँ, चायना घास लेके जाव. रमजान में सब घराँ में जमाते." मी म्हटलं, घास? कुणाला भरवायचाय? तर त्यांच्या बोलीत घास म्हणजे गवत. म्हणजे हे झालं चिन्यांचं गवत.

खरी अडचण इथं. गेल्या साली लढाई झाली तेव्हापासून आमच्या घरात चीन हा शब्द चालत नाही. छावणीतच राहतो, पलटणी दारावरून गेल्या, तेव्हापासून हे रेडिओपुढं मांडी घालून बसलेत. संरक्षण फंडाला माझ्या गळ्यातली पुतळ्यांची माळ दिली. (स्वतःचं सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ राहिलं. वेळ बघायला लागते म्हणे.) मग एक दिवस लोणच्याच्या बरण्या चिनी मातीच्या आहेत हे ध्यानात आलं, तर सगळं लोणचं मडक्यांत काढायला लावलं. मडक्यांनी तेल पिलं, लोणच्याला बुरशी आली. यात चीनचं काय गेलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. अशा घरात मी चिन्यांचं गवत पदराखाली घालून आणलं. ह्यांनी विचारलं तेव्हा शेवया म्हणून सांगितलं. दिसतंही तसंच.

वहीदमियाँनी बजावलं होतं, थोडंसंच घाला. पण एवढ्या पंगतीला थोडंसं कुठं पुरायचं? मी शेवयांच्या हिशेबानं घातलं, माणशी अर्धी मूठ. पाण्यात कढवलं, साखर घातली, लाल रंगाला गुलाबाचं सरबत ओतलं. चाखायची सोय नाही, कारण आखाजीला पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नसतं. परातीत ओतून ठेवलं. गार झाल्यावर हलवून बघितलं. परात हलली, ते नाही हललं. शेवटी विळीवर कापलं.

पहिला मान पितरांचा. सासूबाईंच्या नावानं पत्र्यावर पान ठेवलं. पोळी, रस, आणि वर हा लाल तुकडा. सगळं गणगोत अंगणात हात जोडून उभं. कावळा आला. पोळी सोडली, रस सोडला, लाल तुकडा उचलला. मी हळूच दमयंतीकडं बघून घेतलं. कावळ्यानं दोनदा गिळायला बघितलं, मान झटकली, उडाला, आणि बरोबर ह्यांच्या टोपीवर टाकून गेला. टोपीवरून तो तुकडा टुणकन थेट तुळशीपाशी. "काय हाय हे?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्या आईनं परत पाठवलं."

माझी जाऊ दगडाबाई, जिला अशाच वेळी वाचा फुटते, ती म्हणाली, "जित्तेपणी बी तुमच्या हातचं कुठं गोड लागायचं त्यांला."

मी म्हटलं झालं, पोरगं गेलं पुण्याला. तेवढ्यात बन्सीनं तुळशीपासचा तुकडा उचलला आणि फरशीवर आपटला. तो चांगला वीतभर वर आला. "आजी! पुण्याचं नुसतं हलतं. आपलं उडी मारतं!" मग काय, सिल्लोडची पोरं, शेजारची पोरं, सगळी परातीवर तुटून पडली. आमरसाला कुणी विचारलं नाही. किती खाल्लं ते विचारू नका, धुऊन किती खाल्लं ते विचारा.

तेव्हा विहीणबाई, निकाल लागला. बन्सी इथंच शिकेल. इथंही शाळा आहेत, मास्तर आहेत, मास्तरांच्या हातात छड्या आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पाकिटाला हाताची सर येत नाही, एवढंच.

आपली,
आवडाबाई

ता. क. आमच्या ह्यांनी चार तुकडे खाल्ले न् अंगात ताकद आल्यासारखं वाटतं म्हणाले. उत्तर लिहाल तेव्हा त्यात चीनचं नाव काढू नका, पत्रं तेच मोठ्यानं वाचतात. "शेवया" लिहा.

आणखी ता. क. पत्र बंद करताना बन्सीनं विचारलं, काय लिहिलं. म्हटलं, तू इथं राहणार म्हणून लिहिलं. तर म्हणतो, "नाय आजी, मी जाणार. तिथं मामाची सायकल हाय." म्हटलं, अन् जेलीचं काय? "ती सुट्टीत येऊन खाईन की." म्हणजे जेलीचा सवालच नव्हता, सायकलीचा होता, आणि मी कावळ्याशी भांडत बसले. वरचं सगळं खोडलं तर पत्रात तुमच्या गुडघ्यांशिवाय काही उरत नाही, म्हणून राहू देते. जूनमध्ये नानासाहेब आणून सोडील. दुधी खात नाही. झोपेत बडबडतो, त्याला उत्तर देऊ नका, मग जागा होतो.

शेवटचं. एवढं एक माझं ऐका. लाडू करा, चकल्या करा, तुमच्या पुण्यात जे जे होतं ते करून घाला, पण ते पाकीट फोडू नका. जेली तेवढी इकडं राहू द्या. आजी आहे म्हणून तो येईल असं मी धरून चालत नाही. मीसुद्धा माझ्या आजीकडं चिंचांसाठीच जायचे.