तसल्लाची माफी

कानो, १४ मार्च २००८

प्रिय असाबे,

अस्सलामु अलैकुम. तू आणि मुलं सुखरूप असाल. इकडे उन्हाने अंगाची लाही होते आहे, सासूबाईंचा गुडघा पुन्हा धरला आहे, आणि धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा कातडी कमावतो. वास येतो, पण स्वभावाने गोड आहे.

तुझा निरोप टॅक्सीवाल्याने सरहद्दीपलीकडून आणून पोचवला. उत्तर देतेच, पण आधी पुस्तकाची हकिकत ऐक.

तुझी लुबाबतूताई गेली तेव्हा तिच्या कादंबरीचे दोन भाग बाजारात होते, तिसरा अर्धाच. नवऱ्याचं घर सोडून सरहद्दीपलीकडे तांदळाचे आप्पे विकणारी तिची तसल्ला बायकांच्या मनात अशी बसली होती, की ताईच्या चाळिसाव्यालाही फोन येत होते, "तसल्ला परत येते का हो?"

मी तिची मैत्रीण, तिच्यासारखीच लिहिणारी, म्हणून तिची पुस्तकं छापणारे मलाम तांको मला म्हणाले, "लादिदी, आता तूच पुरं कर. तिला घरी आण, मोठ्या बहिणीच्या पायाशी बसव, माफी मागू दे. रडारड झाली की पुस्तक खपतं."

"माफी कशाची?"

"अगं, घर सोडलं ना तिने!"

ताईचाही बेत तोच होता. आजारपणात तिने मला सांगितला होता. तसं लिहायलाही बसले. पण माफी मागायला काहीतरी अपराध लागतो. तो शोधायला दोन्ही भाग पुन्हा वाचले. तसल्लाने मार खाल्ला, सवतीची मुलं वाढवली, बहिणीने तोंडावर दार लावलं तेव्हाही उलट बोलली नाही. ताईला हवं तेव्हा तिच्या हातून चूक घडवता आली असती. तिने ती घडवली नाही.

म्हणून मी मोठ्या बहिणीलाच टॅक्सीत बसवलं. ती तसल्लाच्या चुलीपाशी येऊन उभी राहते आणि म्हणते, "चुकलं माझं. मी दार उघडायला हवं होतं."

मलाम तांको भडकले, "हा शेवट मला बुडवणार!"

"मग दुसरीकडे छापते," मी म्हटलं.

छापलं त्यांनीच. आता दुसऱ्यांदा छापताहेत, आणि शेवट आपणच सुचवला असं सांगत फिरताहेत.

आता तुझा प्रश्न. ते 'चुकलं माझं' हे वाक्य ताईचं की माझं?

माझं. ताई तसं कधी बोलली नाही, असाबे. शेवटच्या दिवसांतही नाही. तिचंच म्हणून सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण तसल्ला म्हणजे कोण, हे आपल्या दोघींना ठाऊक असताना तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तसल्लाला तिने निर्दोष ठेवलं, ते मात्र सगळं ताईचं आहे. त्यात माझा एक शब्द नाही.

पुस्तकावर तिच्या नावाखाली माझं नाव आहे. जाब विचारायला कुणी आलं, तर मी इथेच आहे.

त्या एका वाक्यापुरती तुझी मोठी बहीण,
लादिदी